बीडची गाडी, आमच्या व्हरांड्यातली

पुण्या-मुंबईच्या मुलांना आगगाडीचं कसलं आलंय कौतुक! पण आमच्या बीड शहरात पहिली प्रवासी गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ला. जिल्ह्यात परळीला रेल्वे फार जुनी. बीडला मात्र नव्हती. अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली, तेव्हा मी बालवाडीत पाटी चाटत होतो. गाडी आली तेव्हा मी चौथीचा गुरुजी.

आमच्या शाळेत एक मोठी खेळण्यातली आगगाडी आहे, पुण्याच्या पाहुण्यांनी दिलेली. काळं वाफेचं इंजिन, चांगलं मांजराएवढं थोराड, सेलवर चालणारं. ते कपाटातून काढलं तर चौथीतली एक मुलगी म्हणाली, "सर, ही कुठली ओ? आपल्या गाडीला धुराडं कुठंय?"

मग ठरलं, ह्याच इंजिनाची बीडची गाडी करायची. मुलीची एकच अट होती, दिवाळीच्या आत. दिवाळी झाली की तिचे आईबाप ऊसतोडीला जातात आणि तीही त्यांच्यासोबत जाते.

पण माप कुठून आणायचं? एका शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि पाच पोरं घेऊन मी एसटीनं बीड गाठलं. फलाटाची तिकिटं काढली. गाडीत बसणाऱ्यांइतकेच लोक नुसती गाडी पाहायला आलेले! एक आजोबा तर डब्यावर हात फिरवत होते, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

ही गाडी 'डेमू' जातीची. तिला पुढे वेगळं इंजिन जोडलेलं नसतं. टोकाच्या डब्यातच चालकाची खोली, तिच्यामागे डिझेल इंजिन आणि मग प्रवाशांची जागा. डिझेल इंजिन वीज तयार करतं आणि त्या विजेवर चाकांच्या मोटारी फिरतात. इंजिनाच्या भागाला खिडक्या नाहीत, नुसत्या जाळ्या. मुलांनी जाळ्या आणि खिडक्या मोजून वहीत उतरवल्या. लांबी मोजायला टेप पुरेना, म्हणून एक जण फलाटावरून पावलं टाकत गेला. डब्याला ३२ पावलं भरली. त्याचं पाऊल ६५ सेंटीमीटरचं, म्हणजे डबा सुमारे २० मीटर ८० सेंटीमीटर. रुळाकडे मात्र कुणाला वाकू दिलं नाही.

आता खरी गंमत. आपल्या मोठ्या रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर, तर खेळण्यातल्या रुळांमधलं ४५. भागाकार करा, ३७ येतात. म्हणजे सगळी गाडी ३७ पट लहान करायची. हा ४५चा रूळ जर्मनीच्या 'एलजीबी' गाड्यांनी १९६८पासून गाजवला. त्यावर मीटरगेजची गाडी बावीस-साडेबावीस पट लहान करून चालवतात. आमच्या शेजारची जुनी बार्शी लाइट करायची तर तिचा रूळ ७६२ मिलिमीटरचा, म्हणून ती १७ पटच लहान होईल. रूळ तोच, भाजक बदलतो! (पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथलं प्रमाण ८७ पट. गेलात तर जरूर पाहा.)

वाफेचं इंजिन उघडलं. धुराडं, टाकी, सगळं बाजूला. चाकांना जोडणारे दांडेही काढले. हे करताना जपावं लागतं, कारण काही खेळण्यांत हे दांडेच मागची चाकं फिरवतात. आमच्यात ते काम दातेरी चाकं करत होती, म्हणून निभावलं. मोटारीची चौकट डब्याच्या पुढच्या भागाखाली बसवली, तीही एका खिळ्यावर वळेल अशी. मागच्या बाजूला एका मोडक्या डब्याची चाकं लावली. वरचं अंग सनबोर्डचं. कटर मात्र माझ्याच हातात. इंजिनाच्या जाळ्यांना डासांच्या जाळीचा तुकडा लावला, तो तर हुबेहूब दिसतो.

आणि इथं अडलं. हिशेबानं डबा ५६ सेंटीमीटर लांब. आमचे रूळ लहानशा गोलाचे, एवढा लांब डबा वळणावर रुळाबाहेर झुकायचा आणि उलटायचा. मी म्हटलं, डबा ४२चा करू, तीन खिडक्या कमी. पुष्कळ जण असंच करतात.

"कामून सर? तिथं बसलेली माणसं काय उभ्यानं जायची?" मुलगी हट्टालाच पेटली. मला थोडा रागच आला, खरं सांगतो. वेळ कमी होता.

तेव्हा दुसरा एक मुलगा म्हणाला, "पण सर, आपली गाडी कुठं गोल फिरती? बीडला आली की तशीच माघारी जाती."

अगदी बरोबर! डेमूच्या दोन्ही टोकांना चालकाची खोली असते, वळवावी लागतच नाही. खेळण्याला उलटं चालायचं बटण होतंच. गोल रूळ कपाटात गेले, सरळ रूळ व्हरांड्यात मांडले आणि तिन्ही खिडक्या वाचल्या.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी गाडी सोडली. चाकं जागच्या जागीच फिरू लागली! अंग हलकं झालेलं. मोटारीवर मूठभर नट ठेवले, तेव्हा चाकांनी रूळ धरला आणि गाडी पहिलीच्या दारापर्यंत जाऊन परत आली. डावीकडचा दिवा मात्र लागला नाही. तार कुठं सुटलीय ते मुलगी उसाचा हंगाम संपवून आल्यावर शोधणार आहे. तोवर कुणी हात लावायचा नाही, असं तिनं जाताना कपाटाच्या दारावर खडूनं लिहून ठेवलंय.