पिशवी काढल्यावर

आमच्या भागात आजारी जनावराचं आधी तोंड बघतात. शिरूर काय नि दौंड काय, मधून भीमा वाहते म्हणून तालुके दोन. गोठ्याची रीत एकच. पोट फुगलेली गाय रवंथ करायला लागली की घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा जीव भांड्यात पडतो. सशाला रवंथ नाही. पण तोही काही अन्न दोनदा पोटातून नेतो. आपल्याला दिसतात त्या कोरड्या, गोल लेंड्या म्हणजे चोथा. त्याशिवाय आंधळ्या आतड्यात आंबलेल्या अन्नाच्या मऊ, चिकट लेंड्या होतात. त्या तो बाहेर पडता पडता तोंडानं उचलून पुन्हा खातो. हे चाक अखंड फिरतं लागतं. दुखण्यानं, भीतीनं किंवा थंडीनं ते थांबलं, की आतड्यात वायू धरतो आणि धडधाकट ससा एक-दोन दिवसांत हातचा जाऊ शकतो.

म्हणून आमच्या सशाच्या मादीचं, शेवंतीचं, ऑपरेशन झाल्यावर आमच्या घरात एकच प्रश्न होता: लेंड्या टाकल्या का?

ऑपरेशन पुण्यात झालं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांवर गाई-म्हशींचा आणि शेळ्या-मेंढ्यांचा भार. लाळ्या-खुरकूताची लस, रेतन, अडलेली वासरं. सशाला भूल देणं हे वेगळं, नाजूक काम. डॉक्टरांनी आधी उपाशी ठेवू नका म्हणून बजावलं होतं. माणसाला भुलेआधी उपाशी ठेवतात ते उलटी होऊन श्वासात जाऊ नये म्हणून. सशाला उलटी करताच येत नाही. उपास मात्र त्याच्या आतड्यांना बाधतो.

गर्भाशय काढायचं कशासाठी, हे आत्यानंही विचारलं होतं. ती दौंडकडची, चौफुल्याहून पारगावचा पूल ओलांडून मुद्दाम आलेली. सशाची मादी महिन्याभरात विते आणि लगेच पुन्हा गाभण राहू शकते, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढचं: न विलेल्या मादीलाही वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोका फार मोठा असतो. काही अभ्यासांत चार वर्षांवरच्या माद्यांपैकी निम्म्याहून अधिक माद्यांत तो आढळला आहे. आत्या ऐकून गप्प झाली आणि जुनं लुगडं फाडून शेवंतीसाठी घड्या घालायला बसली.

जन्मभर शेळ्या राखलेल्या बाईची नजर काय असते ते मी त्या रात्री पाहिलं. “ही शेळीवाणी वरडायची न्हाय,” ती म्हणाली, “मुकाट सोसायची.” अगदी खरं होतं ते. ज्याला कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जायची भीती, तो जीव दुखणं दाखवत नाही. ते आपणच वाचायचं. पाठ वर काढून बसणं, डोळे अर्धे मिटणं, पोट जमिनीला दाबून धरणं, दात कराकरा खाणं. लाडात आली की शेवंती दात हलकेच वाजवते. हा आवाज तो नव्हता. वेदनेचं औषध मेलोक्झिकॅम. गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर 2006मध्ये बंदी आली ती गिधाडं मरत होती म्हणून, आणि त्याच्या जागी आलं ते हेच. एका पाखरासाठी बदललेलं औषध माझ्या हातात थेंबाथेंबानं मोजलं जात होतं, याचं मला फार बरं वाटलं.

पौषातली थंडी होती. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून तिच्या अंगाशी ठेवली; नकोसं झालं तर दूर सरकता येईल एवढी जागा सोडून. भिजवून वाटलेलं खाणं सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या कडेनं, गिळायला वेळ देत देत भरवलं. आणि हरळी. रांजणगावच्या गणपतीला वाहतात तीच दूर्वा, पण तणनाशकाचा फवारा न लागलेल्या बांधावरची. ऊसपट्ट्यात असा बांध सापडायला फिरावं लागतं. पहाटे आत्यानं मला हलवून उठवलं. कापडाच्या घडीत चार-दोन लेंड्या होत्या, बारक्या, वेड्यावाकड्या. आत्यानं त्या तळहातावर घेऊन दिव्याखाली धरल्या.

त्याच सुमारास बांधापलीकडच्या उसात ऊसतोडीची टोळी उतरली होती, बीडकडची. त्यातली एक बाई पाणी न्यायला आली आणि ओसरीवर शेवंतीचं भादरलेलं पोट नि टाके पाहून थांबली.

“पिशवी काढली व्हय हिची? माझीबी काढलीय.” घागर खाली ठेवून तिनं विचारलं, “किती दिस बसवून ठेवायचं हिला?”

“दहा-बारा दिस. उड्या मारू द्यायच्या न्हाईत,” आत्या म्हणाली.

“मी म्हयन्याच्या आत कोयता धरला. उचल फिटली नव्हती.”

2019मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की दंड, फडावर ना आडोसा ना पाणी, आणि त्यात कुणीतरी घातलेली कर्करोगाची भीती. सशाच्या मादीच्या बाबतीत जी भीती खरी आहे, ती या बायकांपुढे बागुलबुवा म्हणून उभी केली गेली. पंचविशी-तिशीतल्या बाईचे अंडाशयही गेले तर हाडं झिजतात. त्या हाडांनीच मोळी उचलायची असते. शेवंतीच्या घडीजवळ बसून हे मला सोसेना, आणि अजूनही सोसत नाही. सशाची शुश्रूषा कमी करावी असं मला मुळीच वाटलं नाही. जे एका सशाला मिळालं ते या बाईला का मिळालं नाही, हा राग मात्र तेव्हापासून निवलेला नाही.

शेवंती सावरली. लेंड्या मोठ्या, गोल झाल्या. तिनं रिकामी सिरिंज हुंगून बाजूला ढकलली आणि हरळीवर तोंड टाकलं. टाके कोरडे आहेत. तिच्या जोडीच्या नराचंही ऑपरेशन करायचं ठरलं आहे. त्यानंतरही काही आठवडे तो वेगळाच राहील, कारण तेवढे दिवस त्याच्यात बीज उरलेलं असतं.

आत्या अजून परत गेलेली नाही. त्या बाईची कंबर रात्रभर दुखते, तिला एकदा सरकारी दवाखान्यात दाखवून आणायचं म्हणते. मुकादम त्या दिवसाचा खाडा धरणार. ते पैसे आम्ही भरू, असं काल संध्याकाळी फडावर जाऊन तिनं त्याला सांगितलं आहे.