खेळाडूंचा लिलाव

वर्षातून एकदा आपल्या सुशिक्षित घराघरांतून एक सात्त्विक संताप उसळून येतो. त्याचा मुहूर्त ठरलेला असतो. इंडियन प्रीमियर लीगच्या संघांसाठी खेळाडूंचा लिलाव सुरू झाला, की एरवी शेअरबाजाराचे भाव मोठ्या गोडीने वाचणारी मंडळीही ‘हा काय गुरांचा बाजार मांडला आहे!’ असे म्हणून कपाळाला हात लावतात. २०२४ च्या नोव्हेंबरात सौदी अरेबियातील जेद्दा शहरी हा लिलाव दोन दिवस चालला. यादीत पावणेसहाशेच्या आसपास नावे होती. त्यांपैकी १८२ जणांना गिऱ्हाईक मिळाले आणि त्यांच्यापायी सहाशे कोटींहून अधिक रुपयांची उलाढाल झाली. ऋषभ पंत हा एकटाच २७ कोटींना गेला. त्या दोन दिवसांत आमच्या घरी चहाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने एकच निदान केले : पैशाने खेळ नासला.

या संतापात मला मनापासून सामील होता येत नाही. लिलावात काही वावगे नाही, असे मुळीच नाही. पण आपण दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत करतो, असे मला वाटते. खेळल्याबद्दल वेतन घेणे ही एक गोष्ट, आणि त्या वेतनासाठी लिलावात उभे राहावे लागणे ही दुसरी. पहिलीत लाजिरवाणे असे मला काहीच दिसत नाही, दुसरीत दिसते. आणि पहिलीबद्दलच्या आरडाओरड्यात दुसरीकडे कुणाचे लक्षच जात नाही, हे माझे खरे दुखणे आहे.

खेळावा तो हौसेने, पोटासाठी नव्हे, हा विचार आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाबरोबर आला. त्याच्या मायदेशी त्याचा संसार कसा चालला होता, हे पाहण्यासारखे आहे. इंग्लंडात १८०६ पासून ‘जंटलमन’ आणि ‘प्लेअर्स’ असे दोन संघ परस्परांविरुद्ध खेळत. पहिले हौशी, दुसरे पगारी. एकाच काउंटीच्या संघात खेळणाऱ्या या दोन जातींच्या गड्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या आणि मैदानात उतरण्याची दारेही निराळी असत. धावफलकावर हौशी गृहस्थांच्या नावाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी छापीत, पगारी गड्याची आडनावानंतर. १९५० साली लॉर्ड्सच्या मैदानावर फ्रेड टिटमस या तरुण पगारी गोलंदाजाची आद्याक्षरे चुकून आडनावाआधी छापली गेली, तेव्हा ध्वनिवर्धकावरून ती चूक जाहीर रीतीने दुरुस्त करण्यात आली! आणि या हौशी मंडळींचा मेरुमणी कोण, तर डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस. १८७३-७४ च्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठी या हौशी गृहस्थांनी १५०० पौंड घेतले. त्यांच्याबरोबरच्या पगारी गड्यांना प्रत्येकी १७० पौंड मिळाले. तात्पर्य, हौशीपणा हा खिशाचा गुण नसून कुळाचा होता. १९६२ च्या अखेरीस इंग्रजांनी हा भेद मोडून टाकला. त्यांनी टाकलेला अंगरखा आपण मात्र अजून घडी घालून जपून ठेवला आहे.

आपल्याकडचा इतिहास याहून बोलका आहे. पळवणकर बाळू हे या देशातले पहिले थोर गोलंदाज. पुण्यातील गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीवर ते होते आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची गोलंदाजी घडली. पुढे हिंदूंच्या संघाला त्यांच्यावाचून चालेना; पण चांभार जातीत जन्मलेल्या या गड्याला चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यातून मिळे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. ज्या क्लबांच्या सदस्यांना खेळ ही निव्वळ हौस होती, त्यांच्या मैदानावरचे गवत कुणीतरी पगार घेऊन कापीत होते, आणि त्या पगारी माणसाचा हात हौशी हातांहून सरस होता. पोट भरलेल्यांना निरपेक्षतेचा उपदेश फार स्वस्त पडतो.

दुसरे उदाहरण विनू मंकड यांचे. १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने कसोटीतला पहिला विजय मिळवला, त्यात मंकडांचे १२ बळी होते. त्याच वर्षी इंग्लंडच्या दौऱ्यावर आपली निवड होईल एवढे आश्वासन त्यांनी मंडळाकडे मागितले, कारण लँकेशायरमधल्या हॅसलिंगडन क्लबाचे पगारी बोलावणे त्यांच्या हातात होते. मंडळाने आश्वासन दिले नाही. मंकड हॅसलिंगडनला गेले. लीड्सच्या पहिल्या कसोटीत भारताचे ४ गडी शून्यावर बाद झाले, तेव्हा कुठे मंडळाला त्यांची आठवण झाली. क्लबाकडून त्यांना मोकळे करून घेण्यात आले, आणि लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या, ९७ षटके टाकली, पहिल्या डावात ५ बळी घेतले. सामना आपण हरलो; पण वेतन घेणारा माणूस देशासाठी जीव ओतून खेळत नाही, या समजुतीला त्याहून सडेतोड उत्तर मिळणे कठीण.

मी स्वतः गेली पंचवीस-तीस वर्षे शेक्सपिअर शिकवण्याचा पगार घेत आलो आहे. विद्या विकणाऱ्याला वाणी म्हणून हिणवण्याची आपली परंपरा जुनीच. तरी महिन्याच्या पहिल्या तारखेला माझी साहित्यनिष्ठा डागाळली असे कुणी म्हणाल्याचे स्मरत नाही. मग सांगलीची स्मृती मानधना २०२३ साली, महिलांच्या लीगच्या पहिल्याच लिलावात, ३ कोटी ४० लाखांना बंगलोरकडे गेली म्हणून खेळाचे सोवळे का विटाळावे? बॅट हाती घेणाऱ्या मुलीला ‘हे करून पोट भरणार आहे का?’ असे विचारणाऱ्या आईबापांना त्या एका आकड्याने जे उत्तर दिले, ते माझ्यासारख्याच्या दहा व्याख्यानांनी दिले नसते.

आता, हे वेतन फाजील आहे काय? थोडा हिशेब करू. या लीगच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. म्हणजे वर्षाकाठी साडेनऊ हजार कोटींहून अधिक. २०२५ च्या हंगामासाठी एका संघाला खेळाडूंवर जास्तीत जास्त १२० कोटी खर्च करण्याची मुभा होती. संघ दहा, म्हणजे १२०० कोटी. सामन्यागणिक मिळणारा भत्ता त्यात मिळवला, तरी गड्यांचा वाटा केवळ प्रक्षेपणाच्या उत्पन्नाच्याही सातव्या हिश्शापलीकडे जात नाही. अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूंचा वाटा सुमारे निम्मा असतो. ज्यांच्या लोभाबद्दल आपण हळहळतो, त्यांना दुसऱ्यांच्या मानाने थोडेच मिळत आहे.

असो. वेतनाची बाजू घेतली, आता लिलावाकडे वळतो. माझा एक जुना विद्यार्थी मध्यमगती गोलंदाज आहे. त्याचे नाव यादीपर्यंत पोहोचले होते. शेवटच्या फेरीत संघ ज्यांची मागणी करतील तेवढ्यांचीच नावे पुकारतात. त्याचे नाव पुकारलेच गेले नाही. काही दिवसांनी तो भेटायला आला, तेव्हा आमच्या शेजाऱ्यांनी त्याचे सांत्वन केले, ‘बरे झाले बाबा, बाजारात उभे राहणे टळले!’ तो नुसता हसला. ते गेल्यावर मला म्हणाला, “सर, उभे राहायची लाज नव्हती. एका संघाच्या चाचणीला दोनदा गेलो होतो. तिथल्या प्रशिक्षकांनी माझा हात सुधारला. त्यांच्याकडे अजून शिकायचे होते. पण त्यांनी बोली लावली असती आणि दुसऱ्या कुणी दहा लाख जास्त म्हटले असते, तर मी दुसरीकडे गेलो असतो. कमी पैशांत इथेच राहतो, असे म्हणायची जागाच नाही त्यात.” मी एका महाविद्यालयातून दुसऱ्यात गेलो तो स्वतः अर्ज करून, आणि एकदा अधिक पगार नाकारून इथेच राहिलो तोही माझ्या मर्जीने. ज्याच्यावर बोली लागते त्यालाच तेवढी बोलण्याची सोय नाही, हे या व्यवस्थेचे खरे व्यंग आहे.

कुणी म्हणेल, नाव तो आपखुशीनेच देतो ना? देतो खरा, पण त्याला दुसरे दार कोणते? भारतीय पुरुष खेळाडूला निवृत्त झाल्यावाचून परदेशच्या लीगमध्ये खेळण्याची परवानगी मंडळ देत नाही. इंग्लंडच्या हॅरी ब्रूकला दिल्लीने सव्वासहा कोटींना घेतले होते. हंगामाच्या तोंडावर त्याने माघार घेतली आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. दिलेला शब्द मोडणे गैरच. परंतु कोणाला शब्द द्यायचा हे ज्याला ठरवता येत नाही, त्याच्याकडून शब्दाच्या निष्ठेची अपेक्षा करताना जीभ थोडी अडखळली पाहिजे.

लिलावाच्या बाजूने एक वजनदार मुद्दा आहे, तोही मांडला पाहिजे. सर्वांची थैली सारखी असल्याने श्रीमंत संघ सगळे चांगले गडी गोळा करू शकत नाही. २००८ साली सर्वांत कमी किमतीला विकला गेलेला राजस्थानचा संघ शेन वॉर्नच्या नेतृत्वाखाली पहिलाच चषक जिंकला. हे समतोलाचे पथ्य मला मान्य आहे. पण ते पाळते थैलीची मर्यादा, लिलावाचा हातोडा नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये नवख्यांची वाटणी संघच आपसांत करतात. पण काही वर्षांनी करार संपला की खेळाडू मोकळा होतो. हा हक्क १९९३ साली मिळाला आणि संघाच्या एकूण वेतनावरची मर्यादा १९९४ साली आली. दोन्ही एकत्र नांदतात.

मात्र असे हक्क कुणी आपण होऊन दिलेले नाहीत. बेसबॉलच्या कर्ट फ्लडने १९६९ साली, आपल्याला न विचारता दुसऱ्या संघाकडे धाडल्याबद्दल, तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंज दिली. पगार मोठा असला तरी गुलाम तो गुलामच, असे त्याचे म्हणणे होते. १९७२ साली तो हरला. तीनच वर्षांनी एका लवादाने त्याच्या मागून आलेल्यांना मोकळे केले. इंग्लंडात जॉर्ज ईस्टहॅम या फुटबॉलपटूने १९६३ साली न्यायालयात असाच निर्णय मिळवला. या दोघांच्याही पाठीशी खेळाडूंची संघटना उभी होती. आपल्याकडे २०१९ मध्ये स्थापन झालेली क्रिकेटपटूंची संघटना निवृत्तांची आहे. जो आज खेळतो, त्याच्या वतीने बोलणारे कुणी नाही.

जेद्दाच्या त्याच लिलावात बिहारचा वैभव सूर्यवंशी हा तेरा वर्षांचा मुलगा १ कोटी १० लाखांना राजस्थानकडे गेला. पुढच्या एप्रिलात जयपूरला त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकले. आमच्या घरी सगळे उठून उभे राहिले, मीही राहिलो. ज्या वयात करारावरची त्याची सही कायदा ग्राह्यही धरीत नाही, त्या वयात त्याची किंमत ठरली होती. ती फार झाली की थोडी, हा वाद सुखाने चालू द्यावा. पण त्याच्यापुढे अजून वीस वर्षांचा खेळ आहे, आणि त्या वीस वर्षांत केव्हातरी त्याला ‘तुला कुठे खेळायचे आहे?’ असे विचारले जाईल की नाही, याची चौकशी आपण प्रेक्षकांनी करायला हवी. संताप तर आपल्याकडे दरवर्षी असतोच; तो तेवढा योग्य ठिकाणी लावला, म्हणजे पुरे.