बाळंतिणीची खोली

मांजर पाळणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. "चावत नाही ना?" आणि "घरभर केस होतात का हो?" तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि नेमका तोच गेले तीन महिने आमच्या घरात ठाण मांडून होता. घरात आधीपासून एक बोका आणि एक कुत्रा असताना पोटुशी मांजर त्या दोघांच्या अंगावर धावून जायला लागली, तर करायचं काय?

आधी पात्रपरिचय. बंड्या, वय वर्षं नऊ, नसबंदी झालेला पिवळा बोका. हा बायकोबरोबर तिच्या माहेराहून आला, म्हणजे सीनियॉरिटीत माझ्या वरचा. मोती, गावठी कुत्रा, आकाराने मोठा आणि धैर्याने अगदीच बेताचा. आणि तिसरी चिमी, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधली तीन रंगांची मांजर. आम्ही तळमजल्यावर राहतो, त्यामुळे चिमी सहा-सात महिने रोज गॅलरीत जेवायला यायची. बंड्या आणि ती एकाच वेळी, हातभर अंतरावर बसून खायचे. मोती लांबून शेपटी हलवायचा. सगळं कसं छान चाललं होतं.

तिच्या नसबंदीची तारीख आम्ही घेतली होती. तारखेच्या आधीच बाईसाहेब गायब झाल्या आणि चार आठवड्यांनी उगवल्या त्या बातमी घेऊनच. डॉक्टरांनी पोट चाचपून सांगितलं, "साधारण महिना झाला असेल. मांजरीचे ६३ ते ६५ दिवस धरा. म्हणजे अजून पाच आठवडे." पावसाळ्याचे दिवस, पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी. बायको म्हणाली, "अरे, आता हिला बाहेर कुठे ठेवायची?" चिमी घरात आली.

पहिला आठवडा बरा गेला. मग पोट दिसायला लागलं आणि चिमी बदलली. बंड्या स्वयंपाकघराच्या दारात आला की ती कान मागे पाडून, शेपटीचा ब्रश करून उभी. मग एक घुरघुर, आणि पुढच्या सेकंदाला नुसते केस आणि किंकाळ्या. मोतीच्या नाकावर दोन उभे ओरखडे आले. तेव्हापासून तो हॉलमधून जाताना भिंतीला चिकटून, मान खाली घालून जायचा, उशिरा आलेल्या पोरासारखा. मांजरीचे दात तिच्या पिलांना लागत नाहीत म्हणतात. बाकीच्यांना मात्र चांगलेच लागतात :)

इथपर्यंत गंमत होती. पुढे नाही.

बंड्या कपाटावर चढून बसला तो उतरेना. खाणं कमी, पाणी त्याहून कमी. एका शनिवारी सकाळी बायकोने पाहिलं की तो मातीच्या ट्रेमध्ये बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाहीये. आम्ही तसेच त्याला पिंजऱ्यात घालून दवाखान्यात पळालो. लघवी तुंबली होती. नर मांजराची मूत्रनलिका फार अरुंद असते. मूत्राशयाला सूज आली, खडे किंवा चिकट गाळ साचला की वाट बंद होते. पूर्ण बंद झाली तर एक-दोन दिवसांत मांजर दगावू शकतं. आणि ही सूज येण्यामागे मानसिक ताण हे एक मोठं कारण असतं, हे डॉक्टरांनी आम्हाला नळी घालता घालता सांगितलं. बंड्या दोन रात्री दवाखान्यात राहिला. त्या दोन रात्री बायको धड जेवली नाही.

आता प्रश्न सरळ होता. बंड्या घरी परत येणार तो याच घरात. मग चिमीचं काय?

सल्ले भरपूर आले. शेजारचे काका म्हणाले, "पोत्यात घाला आणि लांब मंडईत सोडून या. मांजर आहे, जगेल." हापिसातला एक मित्र म्हणाला, "दोघांना एका खोलीत कोंड, भांडतील आणि आपोआप जमेल." बायकोने पहिला सल्ला ऐकून घेतला आणि काही बोलली नाही. पण रात्री म्हणाली, "बंड्या माझा आहे, म्हणून मी हिला पोटात पिल्लं असताना रस्त्यावर टाकू? आणि नाही टाकली आणि बंड्याचं पुन्हा तेच झालं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी तेच केलं जे इंजिनियर लोक करतात. आधी सिस्टीम समजून घ्यायला बसलो.

तर मुद्दा असा. कुत्रा लांडग्यांच्या वंशातला, म्हणजे कळपातला. त्याला नमतं घेणं, माफी मागणं, पुन्हा जुळवून घेणं हे रक्तातच मिळालंय. मांजराचं तसं नाही. २००७ साली कार्लोस ड्रिस्कॉल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात जनुकांच्या आधारे दाखवलं की जगभरातली पाळीव मांजरं मध्यपूर्वेतल्या रानटी मांजरांपासून आली. ही रानटी मांजरं एकेकटी राहतात, एकेकटी शिकार करतात, आपापला इलाखा राखतात. भांडण झाल्यावर त्यांच्याकडे एकच उपाय असतो, तो म्हणजे लांब जाणं. आता दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये लांब जाणार कुठे? कपाटावर.

त्यात पोटुशी मांजर. तिचं शरीर जड झालेलं, पळता येत नाही, उडी मारता येत नाही. परका बोका पिल्लं मारू शकतो हे मांजरांच्या दुनियेत खरंच घडतं. बंड्याची नसबंदी झालीय आणि त्याला पिल्लांपेक्षा माशाच्या डोक्यात जास्त रस आहे, हे चिमीला कोण सांगणार? ज्याला पळता येत नाही तो आधी हल्ला करतो. आम्ही ज्याला माज म्हणत होतो ती भीती होती.

आणि कपाटावरचाही भ्यायलेला, खालचीही भ्यायलेली. आपल्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर दोन थ्रेड एकाच रिसोर्ससाठी भांडतायत. अशा वेळी कितीही वेळा पुन्हा रन करा, क्रॅशच होणार. दोघांना 'समजुतीने घ्या रे' म्हणून उपयोग नाही. रिसोर्स वेगळे द्यावे लागतात.

एवढं सगळं मी समजून घेतलं तोपर्यंत साताऱ्याहून आई आली. तिने चपला काढल्या, कपाटाकडे बघितलं, चिमीकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, पोटुशी आहे ती. तिला एक खोली द्या. आपल्या जुन्या घरात बाळंतिणीची खोली वेगळी असायची. अंधारी, उबदार, आणि कुणी उगाच फिरकायचं नाही तिकडे."

"आई, पण त्या खोलीत माझं हापिस आहे."

"मग तू हो बाहेर."

विषय संपला. माझं टेबल, मॉनिटर आणि खुर्ची हॉलमध्ये आली. त्यानंतरचे सगळे कॉल मी आईच्या दुपारच्या सिरियलच्या पार्श्वसंगीतावर घेतले. असो.

खोलीची व्यवस्था अशी केली. कोपऱ्यात खोका, त्याला एका बाजूने दार कापलेलं, आत आईची जुनी सुती साडी. जेवण एका टोकाला, मातीचा ट्रे दुसऱ्या टोकाला, कारण जिथे जेवायचं तिथेच शी-शू करणं मांजराला पटत नाही. दार कायम बंद. बाहेर बंड्यासाठी दोन ट्रे, दोन पाण्याची भांडी आणि खिडकीजवळ एक उंच फळी, म्हणजे चढायला कपाट ही एकच जागा उरायला नको. ट्रेचा साधा हिशेब असतो, जितकी मांजरं तितके ट्रे आणि वर एक.

डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या. शांत स्वभावाचं मांजर अचानक आक्रमक झालं तर आधी तपासून घ्यायचं, कारण दुखणंही असंच बाहेर येतं. पोटुशी असताना स्वतःच्या मनाने कुठलंही औषध द्यायचं नाही, आणि कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर घालतात ती औषधं तर मांजराच्या जवळही न्यायची नाहीत, त्यातलं परमेथ्रिन मांजराचा जीव घेऊ शकतं. आणि तिच्या खोलीत फिनेल टाकून फरशी पुसायची नाही. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निचरा करता येत नाहीत. आम्ही साबणाचं पाणी वापरलं.

भांडण झालंच तर मध्ये हात घालायचा नाही. मोठी उशी किंवा पुठ्ठा दोघांच्या मध्ये सरकवायचा, एकमेकांचं दिसणं बंद झालं की निम्मं काम होतं. ओरडायचं नाही, पाणी मारायचं नाही, त्याने भीतीच वाढते. आणि भटकं मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरकडे जायचं. इथे 'एवढंसंच लागलंय' हे चालत नाही.

बंड्या घरी आला. पहिले दोन दिवस कपाटावर. तिसऱ्या दिवशी फळीवर. चौथ्या दिवशी रात्री पाणी पिण्याचा लपलप आवाज आला आणि बायको मला उठवून म्हणाली, "ऐक, पितोय." पहाटे साडेतीन वाजता एखादा आवाज इतका गोड वाटू शकतो हे मला माहीत नव्हतं.

चिमी व्याली ती मध्यरात्रीनंतर. चार पिल्लं, अडीच ते सहाच्या दरम्यान. आम्ही दाराच्या फटीतून बघत होतो. अर्धा तास जोरात कळा येऊनही पिल्लू बाहेर आलं नाही तर लगेच फोन करा असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, पण तशी वेळ आली नाही. आई देवासमोर दिवा लावून बसली होती. कुणासाठी विचारलं तर म्हणाली, "बाळंतीण ती बाळंतीण."

पिल्लं झाली म्हणजे राग गेला असं मात्र नाही. उलट पहिले दोन-तीन आठवडे तो वाढतो. दाराबाहेर मोतीची नखं वाजली तरी चिमी आतून फुत्कारायची. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते असं आपल्याकडे म्हणतात. जागा सुरक्षित वाटली नाही की मांजर पिल्लं उचलून हलवते, त्यातून ते आलं असावं. आमच्या चिमीची दोनच घरं झाली, खोका आणि कपाटाचा खालचा कप्पा, माझ्या लॅपटॉपच्या बॅगेवर. ती बॅग मी अजून परत मागितलेली नाही.

मग हळूहळू ओळखपाळख सुरू केली, पण वासाने. चिमीच्या अंगाखालचा कपडा बंड्याच्या फळीजवळ, बंड्याच्या मानेला घासलेला रुमाल तिच्या ताटलीखाली. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, आधी चार हात लांब, मग रोज वीतभर जवळ. कुणी गुरकावलं की पुन्हा मागे. चौथ्या आठवड्यात पिल्लं धडपडत चालायला लागली, थोडं मऊ अन्न चाटायला लागली आणि चिमीचे खांदे खाली आले. त्यानंतर दार उघडून आधी दोन मिनिटं, मग पाच, मग दहा. दूध पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे तिचं बाहेर जाणं बंद. पिल्लं दुधावरून सुटल्यावर गेल्या आठवड्यात तिची नसबंदीही झाली.

तुम्ही विचाराल, मग झाली का मैत्री? नाही. बंड्या हॉलच्या या टोकाला झोपतो, चिमी त्या टोकाला. समोरासमोर आले तर दोघंही भिंतीकडे बघतात आणि बाजूने निघून जातात, लिफ्टमधल्या शेजाऱ्यांसारखे. मोती अजून तिला टरकून असतो. सुरुवातीला बायकोला याचं वाईट वाटायचं. मला वाटतं, आपण माणसं 'सगळे एकत्र, आनंदाने' हे चित्र उगाच सगळ्यांवर लादतो. बंड्या पोटभर पाणी पितो, कुणी कपाटावर लपत नाही, कुणाच्या नाकावर ओरखडा नाही. याला मी शांतता म्हणतो. प्रेम हवंच असेल तर ते आम्हा दोघांकडून मिळतंय की.

पिल्लं आता नऊ आठवड्यांची आहेत. दोघांना घर मिळालं, दोन बाकी आहेत, एक काळं आणि एक आईसारखं तीन रंगांचं. पुण्यात कुणाला हवी असतील तर जरूर सांगा, पहिल्या लशी आम्ही देऊन पाठवतो. फक्त एक अट आहे. घरात आधीचं मांजर असेल तर पहिले दोन-तीन आठवडे एक खोली रिकामी ठेवायची. त्या खोलीत तुमचं हापिस असलं तरी.