दानाची राखण

अवयवदान हे शेजारप्रीतीचे थोर कृत्य होय, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९५ सालच्या ‘इव्हान्जेलियुम व्हिते’ ह्या परिपत्रकात त्याचा गौरव केला. दात्याविषयी आपण आदराने बोलतो. परंतु ज्याला ते दान लाभले, त्याच्या कर्तव्याचा विचार क्वचितच होतो. तो आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

२३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोनाल्ड हेरिकचे एक मूत्रपिंड त्याचा जुळा भाऊ रिचर्ड ह्याच्या देहात बसविले. जगातील हे पहिले यशस्वी मूत्रपिंडारोपण. भाऊ एकरूप जुळे असल्याने देहाने ते परके मानले नाही. रिचर्डने संसार थाटला. तथापि मूळचा विकार त्या नव्या मूत्रपिंडातही उद्भवला व १९६३ साली तो निवर्तला.

इतरांना तर देहाचा विरोध दडपणारी औषधे सतत घ्यावी लागतात. त्यांपैकी टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण घटले, तर देह मूत्रपिंड नाकारू लागतो. फार वाढले, तर औषधच त्याला अपाय करते. म्हणून सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त देऊन ते मोजतात. क्रिएटिनिन हा स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंड मंदावले की तो रक्तात साचतो. त्याचा आजचा आकडा रुग्णाच्या मागील आकड्यांशी ताडून पाहावा लागतो. ह्या औषधांनी रक्तातील साखरही वाढू शकते, आणि अशा रुग्णांना हृदयविकाराचे भय अधिक असल्याने तिच्याकडेही लक्ष ठेवावे लागते.

आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाला थोरल्या बहिणीने मूत्रपिंड दिले. चौथ्या वर्षी त्याने पाच महिने रक्ततपासणी टाळली. गोळ्याही चुकू लागल्या. भूक उत्तम, पायांवर सूज नाही. मग चिंता कसली, असे तो म्हणे. बहिणीच्या आग्रहास्तव रक्त दिले, तेव्हा १.२ वर असणारे क्रिएटिनिन २.१ वर गेलेले आढळले. उपचारांनी ते १.६ वर स्थिरावले. गेलेली सर्व शक्ती काही परतली नाही. तपासणीचे पैसे मुलीच्या शाळेच्या फीकडे जात होते, हे पुढे कळले.

बहीण आम्हाला एवढेच म्हणाली, “फादर, दिलेले मी परत मागत नाही. त्याने ते जपावे.”

आता तो खर्च शेजारची तीन कुटुंबे वाटून घेतात. प्रभूच्या दृष्टांतातील चाकराला सोपविलेल्या धनाचा हिशेब द्यावा लागला. परंतु गरिबाची राखण एकट्याने होत नसते. प्रिय वाचकहो, आपल्या वाड्यात असा कोणी रुग्ण असेल, तर “बरे आहे ना?” एवढे विचारून थांबू नका. “ह्या वेळची रक्ततपासणी झाली का?” हेही विचारा, आणि झाली नसेल, तर त्याच्यासोबत जा.