तारेची दोन टोके

घरातला संगणक साफ बंद पडला, तर माणूस निमूटपणे दुरुस्तीवाल्याला बोलावतो. पण संगणक चालू आहे, पडदा उजळलेला आहे आणि बाहेरच्या जगाशी असलेला त्याचा संबंध तेवढा तुटला आहे, असे झाले की घरातला प्रत्येकजण तज्ज्ञ होतो. कुणी म्हणतो, कुठेतरी रस्ता खणला असेल. कुणी म्हणतो, महिन्याचे पैसे भरायचे राहिले असतील. एखादा पाहुणा आलेला असला, तर तोही 'एकदा बंद करून चालू करा' असा सल्ला देऊन चहा पितो. या सगळ्या मतांत एक गोष्ट मात्र समान असते. दोष आपल्या खोलीत असेल, असे कुणालाच वाटत नाही. तो नेहमी पलीकडे कुठेतरी असतो.

असे वाटायला आधार नाही, असेही नाही. जानेवारी २००८च्या अखेरीस इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबल तुटल्या, आणि इथे भारतात लोक कचेऱ्यांतून पडद्याकडे बघत बसले. पण तसले प्रसंग रोज घडत नाहीत. रोजचा दोष फार जवळ असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण ज्याने केली, त्याच्या घरी संगणक नव्हता, एवढेच.

आम्ही नेरूळला राहतो. तिकडे ऐरोली-महापे बाजूला आता मोठमोठी डेटा सेंटरे उभी राहिली आहेत; माहितीची ये-जा तिथे रात्रंदिवस चालू असते. तिथून काही मैलांवर, आमच्या टेबलावरचा संगणक मात्र गेल्या पावसाळ्यात दर रविवारी रात्री आठनंतर मुका होऊ लागला. एरवी आठवडाभर तो बरा असे. रविवारी रात्री त्याच्यासमोर आई बसते. माझा धाकटा भाऊ जर्मनीत आहे. त्याचे तेव्हा दुपारचे साडेचार वाजलेले असतात. फोनच्या इवल्या चौकोनात आईला त्याचा चेहरा नीट दिसत नाही, म्हणून हा मोठा पडदा.

गेल्या दिवाळीत गुहागरकडच्या घराच्या विक्रीवरून मायलेकांत दोन शब्द झाले होते. तेव्हापासून दोघे जपून बोलत. अशात एका रविवारी घराचा विषय निघाला. भाऊ काही सांगू लागला आणि पडद्यावरचा त्याचा चेहरा एकाएकी गोठला. आई थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग उठून बाहेर आली आणि म्हणाली, "ठेवला त्यानं." पुढच्या रविवारी विषय निघाला, आणि पुन्हा तेच झाले. तिसऱ्या रविवारी आठ वाजले, तेव्हा ती देवापाशी वाती वळत बसली होती. त्या खोलीत गेलीच नाही.

तेव्हा मी शेजारच्या मुलाला हाक मारली. तो इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "काका, पूर्वीची दिव्यांची माळ आठवते? एक दिवा गेला की सगळी माळ विझायची. तेव्हा तुम्ही काय करत होता?"

करत होतो ते असे : एक चांगला दिवा हातात घेऊन तो एकेका जागी लावून पाहायचा. एका वेळी एकच बदल. दोन दिवे एकदम बदलले तर माळ पेटते, पण बिघडलेला कोणता, ते कळत नाही.

"मग झालं तर," तो म्हणाला. "इथंही तेवढंच करायचं."

त्याने संगणकाला हाका मारायला बसवले. या हाकेला पिंग म्हणतात. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९८३ साली हा लहानसा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुडीचा माग काढताना पाण्यात जो ध्वनी सोडतात, त्यावरून त्याला हे नाव दिले. आधी संगणकाने स्वतःलाच हाक मारायची. तिचा पत्ता १२७.०.०.१. मग घरातल्या राउटरला. मग बाहेरच्या जगाला. जिथून ओ येत नाही, ते ठिकाण आणि त्याच्या अलीकडचे ठिकाण यांच्या दरम्यान दोष. त्या दिवशी तिन्ही ठिकाणांहून ओ येत होती. मुलाने राउटरला एकसारख्या हाका चालू ठेवल्या आणि एकेका गोष्टीला हात लावायला सुरुवात केली. राउटर हलवला, ओ चालू. भिंतीकडेची तार चाचपली, चालू. टेबल जरा ढकलले, आणि ओ थांबली. संगणकाच्या पाठीमागचा बारीक हिरवा दिवा विझला होता.

या तारेच्या पद्धतीला ईथरनेट म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत बॉब मेटकाफने १९७३ साली हे नाव दिले. प्रकाश वाहून नेणारे 'ईथर' विश्वात सर्वत्र भरून राहिले आहे, असे जुने शास्त्रज्ञ मानत. १८८७ साली मायकेल्सन आणि मोर्ले यांनी ते शोधू पाहिले, तर त्याचा पत्ताच लागला नाही. नाव तेवढे राहिले. तारेच्या आत आठ बारीक तारा असतात. दोन-दोनांच्या चार जोड्या, एकमेकींना पीळ घातलेल्या. ही पिळाची युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलची, १८८१ सालची. बाहेरचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला वजा होऊन जातो. एवढ्या मोठमोठ्या डोक्यांची ही योजना जागेवर धरून ठेवते कोण, तर टोकाच्या प्लगची नखाएवढी प्लॅस्टिकची जीभ. प्लग बसवताना 'टक्' असा आवाज होतो, तो तिचा. आमच्या प्लगची ती जीभ मोडलेली होती.

मग सारा उलगडा झाला. आईला अलीकडे कमी ऐकू येते. घराचा विषय निघाला की भावाचा आवाज आपोआप खाली येई. तो नीट ऐकू यावा म्हणून ती खुर्ची पुढे ओढी आणि पडद्याकडे झुके. गुडघा टेबलाला लागे, टेबल जरासे सरके, आणि तो प्लग अलगद निसटे.

मुलाने जुना प्लग कापला. आठही तारांचा पीळ सोडवून त्या ओळीने लावल्या : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. नवा प्लग चढवून पक्कडीने दाबला. टक्. टेबल हलवून पाहिले. ओ चालूच राहिली.

मोडका प्लग मी आईला नेऊन दाखवला. म्हटले, "त्यानं नव्हता ठेवला, आई. हे निसटत होतं."

तिने तो तळहातावर घेऊन उजेडात फिरवून पाहिला. मग म्हणाली, "अरे, मग त्याला कळव आधी. तिकडे त्याला वाटत असेल, मीच ठेवला."

घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण रविवारी रात्री त्या खोलीतून आता पुरी वाक्ये ऐकू येतात.