जांघेतली कळ आणि मैदानाची घाई

जुलै २०२२. अमेरिकेतल्या यूजीनच्या जागतिक स्पर्धेत नीरज चोप्रानं चौथ्या प्रयत्नात ८८.१३ मीटर भाला फेकून रौप्यपदक मिळवलं; जांघ मात्र दुखावली. महिनाभर विश्रांतीचा सल्ला मिळाला आणि बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा हुकली. २६ ऑगस्टला लोझानमध्ये ८९.०८ मीटरची फेक करून तो डायमंड लीगचा टप्पा जिंकणारा पहिला भारतीय ठरला.

अशा बातम्यांमधला ‘महिना’ तेवढा लोकांच्या लक्षात राहतो. मग चढाई करणारी एखादी कबड्डीपटू महिनाभर घरी बसते, दुखणं थांबलं म्हणून थेट सामन्यात उतरते आणि बोनस रेषेकडे पाय लांबवताच पुन्हा त्याच जागी कळ. आम्हा फिजिओंना ही गोष्ट पाठ झाली आहे.

मांडीच्या आतल्या बाजूचे ॲडक्टर स्नायू पाय आत ओढतात, हे पुस्तकात असतं. मैदानावर त्यांचं अवघड काम वेगळंच: बाहेर झेपावणारा पाय आवरणं. म्हणजे ताणलं जात असतानाच जोर लावायचा. दिशा बदलताना, चेंडूला लाथ मारताना, भालाफेकीत धाव तोडून पाय रोवताना हेच घडतं, आणि या गटातला ॲडक्टर लाँगस सगळ्यांत जास्त वेळा दुखावतो. विश्रांतीनं कळ शमते. ताकद मात्र तेवढ्यात आणखी उतरते.

१९९९ मध्ये पेर होल्मिक आणि त्यांच्या डॅनिश सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ताकदीच्या व्यायामाच्या उपयोगाचा सज्जड पुरावा दिला. जुनाट जांघदुखीनं बेजार झालेले ६८ खेळाडू त्यांनी दोन गटांत विभागले. एका गटाला मसाज, स्ट्रेचिंग, लेसर, विजेचा शेक. दुसऱ्याला ८ ते १२ आठवडे ताकदीचे व्यायाम. वेदनेशिवाय पूर्वीच्या पातळीवर खेळायला परतले ते व्यायामाच्या गटातले २३, आणि शेकाच्या गटातले फक्त ४. तरीही जांघ दुखली की पहिली मागणी मशीनचीच होते! तालमीतल्या तेलाच्या रगड्याबद्दल मला आदर आहे, पण ताज्या दुखापतीवर तो नको.

सुरुवात साधी असते. पहिले दोन-चार दिवस बर्फ आणि झेपेल तेवढं चालणं. मग उताणं झोपून गुडघ्यांमध्ये चेंडू दाबायचा, पुढे रबरी पट्टा, मग सरळ रेषेत धावणं. झटक्यानं वळणं आणि जोरदार लाथ अगदी शेवटी. किंचित दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं असेल, तर भार कमी करायचा.

पुढच्या टप्प्यावर जायचं का, याचा अंदाज घ्यायला संशोधक क्रिस्टियान थॉरबोर्ग यांची पाच सेकंदांची चाचणी मला कॅलेंडरपेक्षा भरवशाची वाटते. खेळाडू पाय सरळ ठेवून झोपतो, तपासणारा घोट्यांमध्ये आपला हात धरतो, आणि खेळाडूनं तो पूर्ण ताकदीनं दाबायचा. वेदना दहापैकी दोनपर्यंत असेल तर हिरवा दिवा, तीन ते पाच पिवळा, त्यावर लाल. लाल दिवा असताना ‘पण रविवारी फायनल आहे’ हा युक्तिवाद चालत नाही.

लांब पल्ल्याच्या धावपटूंबाबत मात्र सावध राहावं लागतं. जांघेतलं दुखणं पायावर भार पडताच वाढत असेल, तर खुब्याच्या हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. तिथे व्यायाम थांबवून आधी एमआरआय.

बरं झाल्यावरही काम उरतंच. नॉर्वेत ३५ फुटबॉल संघांच्या ६५२ खेळाडूंवर झालेल्या चाचणीत ‘कोपनहेगन’ नावाच्या व्यायामानं जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी घटला. यात खेळाडू कुशीवर आडवा होतो, जोडीदार त्याचा वरचा पाय धरतो आणि खेळाडूनं अंग व खालचा पाय वर उचलून सावकाश खाली आणायचा. साहित्य शून्य. सात जणांच्या कबड्डी संघात जोडीदार तर हजरच असतो. प्रशिक्षकानं वॉर्मअपमधली पाच मिनिटं तेवढी मोकळी करायची.