दुसऱ्या वेळचे श्रुतलेखन

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. धुळ्यात रविवारच्या मिस्सानंतर एक तरुण शिक्षिका बी.एड.च्या कृतिसंशोधनाचा अहवाल घेऊन माझ्याकडे आली. तो मी नजरेखालून घालावा, अशी तिची इच्छा होती. विषय पाचवीच्या मुलांच्या वाचनाचा. पूर्वचाचणी, सहा आठवड्यांचा उपक्रम, उत्तरचाचणी आणि शेवटी सरासरीत झालेली घसघशीत वाढ. मी पाने उलटीत असताना ती हळूच म्हणाली, "फादर, दोन मुलांची काहीच प्रगती झाली नाही. त्यांना मी न्यादर्शातून वगळले. चालेल ना?"

रागावण्याजोगी गोष्ट होती; पण मला रागावता आले नाही.

गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी जळगाव जिल्ह्यातील एका शाळेत मराठी शिकवीत असे. मुले बहुतेक अहिराणी बोलणाऱ्या घरांतली. अहिराणीत 'ळ'च्या जागी बहुधा 'य' येतो. त्यामुळे मुलांच्या वह्यांत शाळेची 'शाया' होई आणि डोळ्यांचे 'डोये'. 'विद्यार्थ्यांच्या लेखनातील अशुद्धता : कारणे व उपाय' असे भारदस्त शीर्षक देऊन मी कृतिसंशोधन हाती घेतले. जुलैत पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घेतले, चुका मोजल्या, दोन महिने रोज पाव तास सराव करून घेतला आणि पुन्हा तेच पन्नास शब्द सांगितले. चुका निम्म्याहून कमी झाल्या.

त्या दिवशी उत्तरपत्रिका गोळा करताना मागच्या बाकावरचा एक मुलगा हसत म्हणाला, या वेळी फादरांनी किती सावकाश सांगितले! मी त्याला गप्प बसविले. रात्री खोलीत एकटाच असताना ते शब्द मी मोठ्याने म्हणून पाहिले. आधी जुलैतल्यासारखे, मग सकाळी म्हटले होते तसे. मुलाचे बरोबर होते. दुसऱ्या वेळी प्रत्येक 'ळ' मी जीभ वळवून, थांबून, जवळजवळ मुलांच्या हातात ठेवीत होतो. आकडे मी बदलले नव्हते. माझा आवाज बदलला होता. हे उमगल्यावरही अहवालात मी त्याविषयी अवाक्षर लिहिले नाही. अहवालाचे कौतुक झाले.

दुसरी चूक तर मला त्या रात्रीही दिसली नाही. परिशिष्टात नमुन्यादाखल मी जुलैतील सर्वांत सदोष उत्तरपत्रिका जोडली होती, मुलाच्या नावानिशी व हजेरी क्रमांकानिशी. ती त्याच मागच्या बाकावरच्या मुलाची होती. त्याला किंवा त्याच्या आईवडिलांना विचारावे, असे माझ्या मनातही आले नाही. आईच्या तोंडून तो जी बोली शिकला, तिचा एक साधा नियम मी दोष म्हणून छापील तक्त्यात मांडला होता. प्रायश्चित्त संस्कारात कानी पडलेला शब्द ओठांवर येऊ द्यायचा नाही, हे सेमिनरीत आमच्या अंगी किती मुरविले गेले होते! वर्गातही मूल आपल्यावर विश्वासून चुकत असते, हे मात्र कोणी शिकविले नव्हते. किंवा शिकविले असेल आणि माझेच लक्ष नसेल.

शिक्षकाने आपल्याच वर्गाचा अभ्यास करावा, हा विचार मला आजही मोलाचा वाटतो. अमेरिकेत स्टीफन कोरी यांनी १९५३ साली त्यावर पुस्तकच लिहिले. पाहुण्या तज्ज्ञाला जे दिसत नाही, ते रोज फळ्यासमोर उभे राहणाऱ्याला दिसते. अडचण अशी, की येथे शिकविणारा तोच, मोजणारा तोच आणि वार्षिक निकाल लावणाराही तोच. वैद्यकीय संशोधनासाठी आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांत पालकांच्या संमतीबरोबर मुलाचीही अनुमती सांगितली आहे. सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी, त्यापुढे अठरापर्यंत लेखी. शाळेत असा कागद पुढे केला, तरी ज्याच्या हाती निकाल आहे त्याला कोणते मूल 'नाही' म्हणेल? म्हणून विचारायचे ते त्याला नकार देता येईल अशा रीतीने, शक्यतो दुसऱ्या कोणाकरवी.

अमळनेरला गेलो की मला साने गुरुजी आठवतात. १९२४ ते १९३० या काळात ते तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयाचा भारही त्यांच्याकडे आला, आणि तेथील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढीत. त्याला कोणी संशोधन म्हणणार नाही. पण ते वाचणारी मुले रोज त्यांच्यासमोरच वावरत होती. छात्रालयाविषयी खोटे लिहिले असते, तर ते त्या मुलांनाच आधी कळले असते. माझा अहवाल माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने वाचला नाही. वाचला असता, तर मागच्या बाकावरून पुन्हा एकदा खरे ऐकू आले असते.

हे सारे मी त्या शिक्षिकेला सांगितले. यापूर्वी कोणालाच सांगितले नव्हते. आठवड्याने ती अहवाल घेऊन परत आली. तक्त्यात दोन ओळी वाढल्या होत्या, नावांच्या जागी अक्षरे आली होती आणि सरासरी चांगलीच घसरली होती. त्या दोन मुलांपैकी एकाला फळ्यावरचे नीट दिसत नाही, हे तिला या आठवड्यात कळले होते. तेही तिने लिहिले होते. मार्गदर्शक काय म्हणतील, याची धास्ती तिच्या चेहऱ्यावर होती.

जाता जाता तिने विचारले, "फादर, त्या मुलाला तुम्ही नंतर कधी हे सांगितले का?"

तो आता पारोळ्याकडे शेती करतो, एवढे मला ठाऊक आहे. नाही, असे मी म्हणालो.